ताईचे तीन सेकंद

टॅक्सीवाल्यांना पिवळा दिवा दिसतच नाही, असं आमच्या ऑफिसात चेष्टेने म्हणतात. मला विचाराल तर तो सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. बाकीच्यांचा पाय ब्रेकवर जातो, यांचा अॅक्सिलरेटरवर, एवढाच काय तो फरक.

बावीस वर्षं मी हेच बघत आले आहे. शहरातले एकशे चाळीस सिग्नल आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून चालतात. भिंतीवर पडदे, पडद्यांवर चौक आणि चौकांत हे महाभाग. भर रस्त्यात थांबून माणसं भरणार, डाव्या रांगेतून उजवीकडे वळणार, एका गाडीच्या जागेत दीड गाडी घुसवणार. एका टॅक्सीने अशी मुसंडी मारली की तिच्या मागच्या अकरा गाड्यांना ब्रेक दाबावा लागतो. अकराव्या गाडीपर्यंत तो ब्रेक पोचतो, तेव्हा टॅक्सीवाला पुढच्या सिग्नलला निवांत कान कोरत असतो. हे मी हवेत बोलत नाही. मोजलेलं आहे.

आणि माझा सख्खा धाकटा भाऊ टॅक्सी चालवायचा.

आई त्याला बारक्या म्हणायची. अडतीस वर्षांचा झाला तरी बारक्याच. त्याने लग्न केलं नाही, मीही केलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं आणि आई असं तिघांचं घर. जेवताना आमची रोज जुंपायची. मी म्हणायचे, "तुझ्यासारख्या चार जणांमुळे अख्खा रस्ता तुंबतो." तो म्हणायचा, "ताई, तू काचेच्या खोलीत बसून दिवे लाव. आम्हाला गाडी चालवू दे." आई म्हणायची, "आधी जेवा, मग काय ते एकमेकांचं डोकं फोडा." ती आमच्याशिवाय कधी जेवायची नाही. बारक्याला दुपारी कितीही उशीर झाला तरी थांबायची.

अशाच एका जेवणात मी अक्कल पाजळली. त्याला सांगत होते की सिग्नल म्हणजे नुसते तीन दिवे नाहीत, त्यामागे केवढा विचार असतो. एका रस्त्याचा दिवा लाल झाला की आडव्या रस्त्याचा लगेच हिरवा होत नाही. मधे थोडा वेळ चारही बाजू लाल असतात, म्हणजे चौकात अडकलेली गाडी सुखरूप बाहेर पडते. सतरा नंबरचा चौक फार रुंद, म्हणून तिथे हा वेळ तीन सेकंद ठेवलाय.

बारक्याचा घास तोंडाशीच थांबला. "म्हणजे लाल झाल्यावरही तीन सेकंद आडवं कोणी येत नाही?"

"येत नाही. पण ते तुझ्यासाठी नाहीत, बाबा."

तो नुसता हसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठवड्याभरात अख्ख्या टॅक्सी स्टँडला ते ठाऊक झालं. त्यांनी नावही ठेवलं, 'ताईचे तीन'. लाल दिवा पडलेला असताना टॅक्सी चौकात घुसायची, मागच्या सीटवरचा माणूस ओरडायचा, आणि ड्रायव्हर म्हणायचा, "घाबरू नका साहेब, ताईचे तीन आहेत." आडव्या रस्त्यावरचे लोक हिरवा पडल्यावरही बिचकायला लागले. न जाणो, अजून एखादी येईल. चालणाऱ्यांचा तर जीव मुठीत. दर हिरव्याला सहा-सात गाड्या कमी सुटायच्या, आणि रांग मागच्या शाळेच्या फाटकापर्यंत जायची. तक्रारींचा पाऊस पडला. आमच्या साहेबांनी कारण शोधायला मलाच सांगितलं.

मला कारण शोधायची गरजच नव्हती. मला राग आला होता. माझ्या नाकावर तो कायम असतोच. म्हटलं, चोरीला जाणारी वस्तू उघड्यावर ठेवायचीच कशाला? मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी सतरा नंबरचे तीन सेकंद कमी करून एक केला. साहेबांनी न वाचता सही केली.

साडेअकराला मी बारक्याला फोन लावला.

"बोल ताई." मागे हॉर्न वाजत होते.

"दुपारी जेवायला घरी ये. बोलायचंय."

"आत्ताच सांग की."

"हातात स्टिअरिंग आहे ना? मग घरी."

हा नियम माझाच. गाडी चालवणाऱ्या माणसाशी फोनवर बोलायचं नाही. सतराला आता एकच सेकंद आहे, एवढंच सांगायचं होतं. पाच शब्द. पण मी फोन ठेवला, आणि शिस्त पाळल्याचं मला बरंही वाटलं.

एक वाजून बावीस मिनिटांनी सतरा नंबरच्या पडद्यावर एक टॅक्सी लाल पडल्यावर तिसऱ्या सेकंदाला चौकात शिरली. आडव्या रस्त्याने पाण्याचा टँकर हिरव्यावर निघालेला होता. मला टॅक्सी ओळखू आली नाही, सगळ्या सारख्याच दिसतात. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर कोपरापर्यंत काढलेला हात तेवढा ओळखू आला.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, चालकाने लाल दिवा तोडला. ते खरंच होतं. मला कोणी काही विचारलं नाही, मीही कोणाला काही सांगितलं नाही. घरी आई दुपारी ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि म्हणायची, "मी उपाशी थांबते म्हणून घाई करायचा गं तो. मी जेवून घेतलं असतं तर?" हे ती रोज म्हणायची. मी रोज ऐकायचे. तोंडाला कुलूप घातल्यासारखी बसायचे, पाणी प्यायचे आणि ऑफिसला परत यायचे. माझ्यासारखी नीच बाई मी दुसरी पाहिली नाही.

अडीच महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं.

"सतराला काय झालंय ते जरा बघून या. दुपारी एक ते दोन. हिरवा पडतो आणि कोणी हलतच नाही."

स्टॉपवॉच आणि वही घेऊन मी चौकात जाऊन उभी राहिले. अपघातानंतर पहिल्यांदाच. ऊन रणरणत होतं. आडव्या रस्त्यावर पहिल्या रांगेत दोन टॅक्सी, एक टेंपो, एक बस आणि स्कूटरवर एक बाई. दिवा हिरवा झाला. कोणी निघालं नाही. एक सेकंद, दोन सेकंद. मग सगळे एकदम निघाले.

पुढच्या फेरीला तेच. त्यानंतरही तेच. दोन सेकंद, ना कमी ना जास्त. टॅक्सीवाले तर हिरवा व्हायच्या आधीच सुटणारी जात, तेही थांबलेले. आणि मागून कोणी हॉर्न देत नव्हतं. बावीस वर्षांत मी हिरव्या दिव्यावर थांबलेली आणि तरी गप्प असलेली रांग बघितली नव्हती.

पाचव्या फेरीला मी दिव्याऐवजी माणसांकडे बघितलं. त्या दोन सेकंदांत सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे वळत होत्या, सावकाश, एकाच वेगाने. चौकाच्या मध्यावर आल्या की थांबायच्या. मग सगळे खाली बघायचे आणि गाड्या सुटायच्या.

चौकात काहीही नव्हतं.

पुढच्या लाल दिव्याला मी स्कूटरवरून आलेल्या एका बाईला गाठलं. "तुम्ही कशासाठी थांबता?"

"अहो, ती टॅक्सी नाही का येत, लाल तोडून? रोजचंच आहे. काय ही माणसं, जिवाची पर्वा नाही."

"नंबर बघितलात?"

"नंबर कुठला दिसायला? पुढचं सगळं चेपलेलं. आणि हा हात बाहेर काढून बसलेला, आरामात." तिने तिचा हात कोपरापर्यंत बाजूला काढून दाखवला.

वहीत मी लिहिलं, 'चालकांच्या सांगण्यात एकवाक्यता'. दुसरं काय लिहिणार?

ऑफिसात येऊन पंधरा दिवसांचं चित्रण बघितलं. वळणाऱ्या माना दिसल्या. टॅक्सी कुठेच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. तिथे सगळ्यात जुने ड्रायव्हर मामा. बारक्याला गाडी त्यांनीच शिकवली, आणि दीड गाडी घुसवायची विद्याही त्यांचीच. मी म्हटलं, "मामा, मला सतराला न्या. पहिल्या रांगेत उभं राहायचंय." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, पण दार उघडलं.

आम्ही आडव्या रस्त्याला लागलो. लाल होता. मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, शिकाऊ माणूस ठेवतो तसे. दिवा हिरवा झाला. त्यांचा पाय ब्रेकवरून हलला नाही.

शेजारून मोठी गाडी भरधाव गेली की आपली गाडी हलते, तशी टॅक्सी हलली. उघड्या खिडकीतून तापलेल्या ब्रेकचा वास आला. मी डोळे फाडून बघत होते. समोर रिकामा रस्ता, ऊन आणि पलीकडचं औषधांचं दुकान.

मामांनी मान खाली घातली.

"मला दिसत नाही, मामा," मी म्हटलं.

"नाही दिसत तेच बरं आहे, ताई."

"कुठवर जातो?"

"मधोमध. तिथेच संपतो." त्यांनी गाडी काढली आणि चौक ओलांडला. "अहो, आम्ही सगळे थांबतो. टँकरवाले, बसवाले, सगळे. वाटतं, आज तरी निघेल पलीकडे. पण नाही निघत. मधे येतो आणि आपला आपणच चेपला जातो. रोज, दर फेरीला. आम्ही किती वेळा बघायचं?"

मामा म्हातारे, तोंडाचे फाटके, अख्ख्या शहराला शिव्या घालणारे. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आणि मी काय विचार करत होते, सांगू? मला त्यांचा हेवा वाटत होता. वाटेल त्या परक्या माणसाला माझा भाऊ दिसत होता, आणि मला नाही.

त्याच संध्याकाळी मी सतरा नंबरच्या एका सेकंदाचे परत तीन केले. साहेबांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मामांच्या शेजारी बसले. आमचा दिवा अजून लालच होता. चारही बाजू लाल. टॅक्सी हलली, ब्रेकचा वास आला. मामांची मान डावीकडून निघाली, चौकाच्या मध्यावर आली, आणि पुढे गेली. पुढे, आणखी पुढे, पार औषधांच्या दुकानापर्यंत.

"ओलांडला," मामा म्हणाले. "ताई, ओलांडला त्याने!" आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मागच्या बसने हॉर्न दिला. किती दिवसांनी त्या चौकात हॉर्न वाजला असेल.

साहेबांनी माझं कौतुक केलं. सतराची रांग संपली होती. कौतुक एक दिवस टिकलं. दुसऱ्या दुपारी अठरा नंबरच्या चौकात हिरवा पडला आणि कोणी हललं नाही.

सतरा, अठरा, एकोणीस, वीस. हे चारही सिग्नल एकाच सरळ रस्त्यावर आहेत, आणि वीस नंबरनंतर डावीकडे आमची गल्ली लागते. मला नकाशा बघायची गरज पडली नाही. तो त्या दिवशी जेवायला घरी निघाला होता. मीच बोलावलं होतं.

मी अठराला तीन सेकंद दिले. तो अठरा ओलांडून एकोणीसला येऊन अडला. एकोणीसला दिले, तेव्हा वीसला अडला. मग वीसलाही दिले. साहेब आता चिडले होते. "कोणाच्या परवानगीने चाललंय हे?" मी म्हटलं, "चाचणी आहे, ठरल्याप्रमाणे." बावीस वर्षांत मी साहेबांशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि चेहरा जराही बदलला नाही. एक गोष्ट मात्र मोजून ठेवली. चार चौकांत प्रत्येकी तीन सेकंद मोकळे होते, आणि त्यांत एकही टॅक्सी घुसत नव्हती. ते आता कोणी वापरत नव्हतं.

शुक्रवारी एक वाजून एकतीस मिनिटांनी वीस नंबरच्या चौकात मामांची मान शेवटपर्यंत वळली आणि मग डावीकडे गेली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

मामांनी मला तिथेच उतरवलं. "पुढे तुम्ही जा. घरातल्या माणसांत माझं काय काम?"

गल्लीत कोणी नव्हतं. मी धावले नाही. चालत गेले.

घराचं दार उघडं होतं. आई दुपारी दार कधी उघडं ठेवत नाही.

स्वयंपाकघरात टेबलाशी आई बसली होती. जेवत होती. अडीच महिन्यांत मी तिला असं पोटभर जेवताना बघितलं नव्हतं. समोर बारक्याच्या खुर्चीपुढे वाढलेलं ताट होतं.

"सावकाश," आई खुर्चीला म्हणाली. "ठसका लागेल."

ताटातलं अन्न जसंच्या तसं होतं. खोलीत तापलेल्या ब्रेकचा वास होता.

"आई."

"दार लाव आधी."

मी दार लावलं. "कसा दिसतोय गं?"

"बरा आहे. उन्हाने रापलाय." तिने माझ्याकडे मान वळवली नाही. तिला नजर काढवत नव्हती त्याच्यावरून.

मी टेबलाच्या कडेला उभी राहिले आणि सांगितलं. खुर्चीकडे बघून सगळं सांगितलं. जेवताना मारलेली बढाई, आलेला राग, मंगळवारचे अकरा, तीनचा एक, आणि फोन. "बारक्या, मला तुला हेच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. माझं चुकलं रे. माझ्यामुळे गेलास तू, आईमुळे नाही." खुर्ची रिकामी होती. रिकाम्या खुर्चीपुढे मी हात जोडून रडत होते.

आईचा हात ताटात थांबला होता.

ती म्हणाली, "फोनवर का नाही सांगितलंस?"

"गाडी चालवताना बोलायचं नाही म्हणून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्चीकडे बघितलं आणि मान किंचित पुढे केली, कोणी हळू बोलत असेल तर करतात तशी. ऐकत राहिली. मला घड्याळाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मग ती म्हणाली, "ते सेकंद परत कमी करता येतात का?"

"येतात. पण का?"

"कर. सगळीकडचे कर. आता परत जाऊ द्यायचं नाही त्याला."

शनिवारी सकाळी मी आधी स्टँडवर गेले. त्रेसष्ट ड्रायव्हर आहेत. एकेकाच्या खिडकीशी वाकून, इंजिन बंद करायला लावून, प्रत्येकाला सांगितलं, चारही सिग्नलला आता एकच सेकंद आहे. जे नव्हते त्यांची वाट बघितली. काही जण हसले. मामा हसले नाहीत. मग ऑफिसात जाऊन अकरा वाजता चारही चौकांचा आकडा एकवर आणला.

तेव्हापासून कुठेही कोणी थांबत नाही. हिरवा झाला की गाड्या सुटतात, हॉर्न वाजतात, टॅक्सीवाले पुन्हा दीड गाडी घुसवतात. साहेब खूश आहेत.

आईची तब्येत सुधारली आहे. दुपारी दीड वाजला की ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेते. मी डबा ऑफिसला नेते. एकदा कागद विसरले म्हणून दुपारी घरी आले, तेव्हा ती आत हसत होती. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. रागावली आहे असंही नाही. नुसती दुसरीकडे बघत असते.

काल मला राहवलं नाही. दुपारी घरी आले, हातपाय धुतले आणि बंद दारावर टकटक केलं.

"आई, मी येऊ का आत? आज मी पण इथेच जेवते."

आतलं बोलणं थांबलं. मग आईचा हळू आवाज आला, ती काहीतरी विचारत होती. मी दाराला कान लावला. बराच वेळ काहीच नाही.

मग आई दाराजवळ आली. दार उघडलं नाही.

"मी विचारलं गं त्याला," ती म्हणाली. "नको म्हणतोय."